वावरातली रात्र रंगवताना: आभाळ आधी, चांदण्या नंतर, पाऊलभर माती शेवटी

प्रश्न आला आहे पारोळा तालुक्यातल्या एका ताईंचा. नोकरी पुण्यात. दिवाळीला घरी आल्या, तेव्हा वडील, म्हणजे त्यांचे आप्पा, रात्री अकराला दादरला, म्हणजे रब्बी ज्वारीला, पाणी भरायला निघाले. ताई सोबत गेल्या आणि मोबाईलवर फोटो काढला. आता तीन बाय दोन फुटांच्या कॅनव्हासवर ॲक्रेलिकमध्ये तेच चित्र करताहेत. शेत मोबाईलच्या फोटोवरून घेतलं. फोटोत चांदण्या नीट आल्या नव्हत्या म्हणून आकाश इंटरनेटवरच्या एका झकास छायाचित्रावरून उचललं. भाऊ म्हणतो, "काळ्या सतरंजीवर रांगोळी सांडलीय." ताई विचारतात, चुकतंय कुठं, आणि असं चित्र 'ओरिजिनल' म्हणून प्रदर्शनात देता येईल का?

ताई, भावाचं बोलणं लागलं असेल, पण त्याची नजर चांगली आहे. तीसेक वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली, आणि रात्रीची चित्रं त्याहून जास्त वर्षं करतोय. त्यातली पहिली दहा वर्षं मीही रांगोळीच सांडत होतो.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यात दडलं आहे. दुसऱ्याच्या छायाचित्रावरून आकाश उतरवलं की परवानगीचा मुद्दा येतोच, तो तुम्हाला ठाऊक असणार. माझी तक्रार निराळी आहे. ते आकाश तुमच्या वावरावरचं नाही. तुम्ही पाठवलेल्या चित्रात क्षितिजातून उभी वर गेलेली, मधे फुगलेली जाडजूड आकाशगंगा आहे. तो फुगीर भाग वृश्चिक आणि धनू राशींकडचा. आपल्याकडे तो उन्हाळ्यात पाहावा, वैशाख-ज्येष्ठात, रात्र चढल्यावर. दिवाळीच्या सुमाराला अंधार पडतो न पडतो तोच तो नैऋत्येला टेकलेला असतो आणि जेवणं आटोपेपर्यंत बुडतो. आप्पा अकराला निघाले, म्हणजे तो मावळूनही दोन-अडीच तास झाले होते.

मग त्या वेळी वर काय होतं? दिवाळी म्हणजे अमावास्या, चंद्राचा प्रश्नच नाही. अकराच्या सुमाराला पूर्वेला तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, नुकतं वर आलेलं असतं. उगवताना ते जवळजवळ उभं असतं, एकावर एक तीन. त्याच्या वर तांबूस रोहिणी, आणखी वर कृत्तिकांचा झुबका. ईशान्येकडे ब्रह्महृदय, पिवळसर आणि ठसठशीत. आकाशगंगा असते, पण तिची फिकी बाजू, आणि ती पूर्वेकडून उत्तरेच्या बाजूनं कमानीसारखी जाते. सप्तर्षी तेव्हा दिसत नाहीत. त्यांना आमच्याकडची म्हातारी माणसं खाटलं म्हणायची, चार खुरं आणि मागं लागलेले तीन चोर. ते खाटलं उत्तरेच्या क्षितिजाखाली असतं.

उत्तरेकडे तोंड असेल तर ध्रुवतारा फार वर चढवू नका. ध्रुव क्षितिजापासून किती वर दिसतो ते आपल्या अक्षांशावर ठरतं आणि खान्देश साधारण २१ अंशांवर आहे. हात लांब करून पंजा पूर्ण पसरा, करंगळीचं टोक क्षितिजावर ठेवा. अंगठ्याचं टोक जवळपास ध्रुवाला लागतं, कारण ती वीत वीसेक अंशांची भरते. युरोपातल्या आकाशचित्रात तो याच्या दुपटीहून वर असतो. तसं चित्र उतरवलं तर खाली दादर आणि वर परक्या मुलखाचं आभाळ, असं होतं.

हे सगळं कुणाला कळणार, असं वाटेल. कळतं. मी एकदा एका पतसंस्थेच्या भिंतीवर गावची रात्र रंगवली होती. मध्यरात्र, झोपलेलं गाव, आणि वर सुबक कोर, एखाद्या परदेशी कॅलेंडरवरची असते तशी सरळ उभी, तिच्या दोन टोकांच्या मधे एक चांदणी. एक म्हातारे शेतकरी कर्जाच्या कामाला आले होते. बराच वेळ बघून म्हणाले, "गुरुजी, हाऊ चांद आपला गावना नही शे." त्यांनी मोजून तीन चुका काढल्या. शुक्ल पक्षातली बारीक कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसते आणि लवकर मावळते, वद्यातली पहाटे पूर्वेला उगवते, मध्यरात्री दोन्ही नसतात. आपल्याकडे कोर उभी राहत नाही, कललेली असते, माघ-फाल्गुनात तर होडीसारखी आडवी पडते. आणि कोरीच्या पोटात चांदणी येईल कशी, तिथं चंद्राचाच काळा भाग आहे ना? मी शिडी परत मागवली.

आणखी एक, सवयीनं होणारी चूक. मिरगाचा पाऊस रंगवतात आणि ढगांच्या फटीत मृग नक्षत्र दाखवतात. ७ जूनच्या आसपास 'मृग लागतो' म्हणजे सूर्य मृगात जातो. त्या दिवसांत ते तारे सूर्याच्या शेजारी असतात, रात्री दिसतच नाहीत.

आता रांगोळीकडे.

मोबाईलचा रात्रीचा फोटो हे मूळ दुखणं. तो कॅमेरा काही सेकंद प्रकाश साठवतो, अनेक फोटो एकावर एक रचतो आणि अंधारातलं सगळं उजळून देतो. त्यामुळे तुमच्या फोटोत दादरीची पानं हिरवी दिसतात, बांधावरचा निंब हिरवा दिसतो. त्या हिरव्या शेतावर तुम्ही नळीतला काळा रंग फासून आकाश केलं. खाली उजेड, वर काळोख. चांदण्या रात्री प्रत्यक्षात उलटं असतं. अमावास्येलासुद्धा आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं. निंब आभाळावर काळा उठून दिसतो तो त्यामुळेच. तुमच्या चित्रात निंब आभाळात उजळ दिसतोय. चांदण्या कितीही सुरेख टिंबल्या तरी ही चूक झाकणार नाही. चांदण्या नसत्या तरी चित्र रात्रीचं दिसायला हवं, इतकं आभाळ आणि जमिनीचं नातं आधी जुळलं पाहिजे. मी विद्यार्थ्यांकडून चांदणी न काढता रात्र करून घ्यायचो. ज्याला ते जमलं त्यालाच पांढरा रंग हातात मिळायचा.

डोळ्याचं कामही वेगळं असतं. उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी अंधारात जवळपास थांबतात आणि नुसता उजेड-अंधार ओळखणाऱ्या पेशी काम करतात. या दुसऱ्या पेशींना लाल जवळजवळ दिसत नाही, निळं-हिरवं जास्त उजळ दिसतं. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं हे नोंदवलं, पण आपल्या आज्यांना ते आधीपासून माहीत असावं. तिन्हीसांजेला दोरीवरचं लाल लुगडं आधी काळं पडतं, शेजारचं निळं धोतर बराच वेळ दिसत राहतं. चांदणं निळसर वाटतं तेही डोळ्याच्या या स्वभावामुळे. चंद्राचा उजेड म्हणजे परत आलेलं ऊन, मोजायला गेलं तर तो उन्हापेक्षा किंचित तांबडाच भरतो. म्हणून निळ्याचा अतिरेक नको. दोन पायऱ्या कमी निळं करा, डोळा उरलेलं स्वतः भरतो.

पुण्याहून पुढच्या खेपेला याल तेव्हा अमावास्येच्या आगंमागं या आणि फोटो न काढता वावरात बसा. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाईल एकदा उघडला की पुन्हा पहिल्यापासून. बॅटरीवर लाल जिलेटिनचा कागद बांधा, लाल उजेडानं सराव फारसा मोडत नाही. बारीक चांदणीकडे थेट पाहिलं तर ती नाहीशी होते, जरा बाजूला पाहिलं की परत येते. नजरेच्या ऐन मध्यावर अंधारातल्या त्या पेशी नसतात म्हणून असं होतं. हे चित्रात वापरता येतं, पुढं सांगतो. जागा निवडताना शहराकडे पाठ करा. भुसावळकडे दीपनगरच्या वीजकेंद्राचा आणि शहराचा उजेड आभाळावर टोपलीसारखा उपडा पडतो, जळगाव-धुळ्याचंही तेच. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या बाजूला पवनचक्क्या आहेत. सातपुड्यात तोरणमाळच्या अंगाला अंधार अजून बराच शाबूत आहे. थंडीत धुळ्याकडे पारा एक आकडी होतो, घोंगडी न्या. कागदावर फक्त पेन्सिलीनं आकडे लिहा. सगळ्यात काळं १, सगळ्यात उजळ ९. झाड १, जमीन २, डोक्यावरचं आभाळ ३, क्षितिजाजवळ ४. माझ्या वहीत बहुतेक रात्री अशा आकड्यांच्याच आहेत. रंग कुठंच लिहिलेला नाही, कारण दिसलाच नव्हता.

आता रंग. नळीतल्या काळ्याशी माझं वैर नाही, पण आभाळाला तो चालत नाही. आभाळाला खोली हवी आणि काळा रंग भिंतीसारखा उभा राहतो. अल्ट्रामरीन दोन भाग, बर्न्ट अंबर एक भाग घ्या. जवळजवळ काळं होतं, पण आत निळं आणि तपकिरी दोन्ही जिवंत राहतात. अंबर वाढवलं की माती होते, निळा वाढवला की आभाळ. एकाच कुळातली दोन माणसं असल्यासारखं दोघांचं जमतं. जाता जाता सांगतो: अजिंठ्यातल्या काही लेण्यांत जो दुर्मिळ निळा आहे तो लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून आलेला. आपलं अल्ट्रामरीन रसायनानं त्याच्याच घराण्यातलं. ते १८२८ च्या सुमाराला फ्रान्समध्ये कृत्रिमरीत्या बनू लागलं, नाहीतर एका आभाळापायी घरदार विकावं लागलं असतं.

कॅनव्हासला आधी बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, पातळ हात द्या आणि वाळू द्या. वरच्या निळ्यातून तो कुठंकुठं डोकावतो, त्यानं रात्र गार पडत नाही. मग आभाळाचं मिश्रण डबीभर करून ठेवा. गडद रंग संपला आणि पुन्हा जुळवायला बसलात तर जुळत नाही, हे लिहून घ्या. ॲक्रेलिक वाळलं की एक पायरी गडद होतं, म्हणून पट्टीवर लावून, वाळवून बघा आणि मगच कॅनव्हासला हात लावा. खालून वर जाताना क्षितिजाशी मिश्रणात थोडा पांढरा आणि कणभर रॉ अंबर, वर जाल तसं दोन्ही कमी. दोन इंची चपटा ब्रश, आडवे-तिरपे हात, आणि लगेच कोरड्या मऊ ब्रशनं जोड पुसायचे. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हे जमत नाही, जळगावात पंचेचाळीस अंशांत रंग पॅलेटवरच कातडी धरतो. तेव्हा पहाटे काम करा, पाण्याची फवारणी जवळ ठेवा, किंवा एका हातात साधण्याचा हट्ट सोडून पाच-सहा पातळ हात द्या. मला पातळ हातच आवडतात. आभाळ असं साचत साचत होतं.

चांदण्यांचा हिशेब ऐका. खूप अंधाऱ्या ठिकाणी एका वेळी नुसत्या डोळ्यांना अडीच-तीन हजार तारे दिसतात. तुमचं चित्र म्हणजे खिडकी. ती साधारण साठ अंश रुंद आणि चाळीस अंश उंच धरली तर दिसणाऱ्या आकाशाचा नववा हिस्सा होतो. म्हणजे फार तर तीनशे चांदण्या, आणि क्षितिजाजवळच्या हवेनं गिळलेल्या वजा करा. तुमच्या चित्रात काही हजार आहेत. शिवाय सगळ्या सारख्या, सारख्या अंतरावर आणि सारख्या पांढऱ्या. पूर्ण आकाशात पहिल्या प्रतीचे, म्हणजे सगळ्यात ठळक, तारे वीस-एकवीसच आहेत. तुमचा पूर्वेचा तुकडा श्रीमंत आहे म्हणून तुम्हाला चार मिळतात: रोहिणी, ब्रह्महृदय, आणि मृगातली काक्षी व राजन्य. रोहिणी आणि काक्षीला किंचित नारिंगी, ब्रह्महृदयाला पिवळट, राजन्याला निळसर. बाकी कुणाला रंग देऊ नका.

या चार चांदण्या बारीक गोल ब्रशनं, जाडसर रंगात, एकाच टेकवणीत. पुन्हा गिरवलं की टिकली होते. मधल्या प्रतीच्या पन्नास-साठ, पांढऱ्यात आभाळाचंच मिश्रण टाकून करड्या करा. उरलेल्या दात घासायच्या जुन्या ब्रशनं उडवायच्या, रंग दुधासारखा पातळ, आधी वर्तमानपत्रावर दोन झटके. आणि या उडवलेल्या चांदण्या मागच्या आभाळापेक्षा अर्धीच पायरी उजळ असाव्यात. मघाशी म्हटलं ते इथं येतं: बघणारा रोहिणीकडे पाहील तेव्हा बाजूच्या त्याला असल्यासारख्या वाटतील, आणि त्यांच्याकडे वळला की हरवतील. प्रत्यक्षातही तसंच होतं. हे सगळं झाडं काढण्याआधी. नंतर उडवलं तर चांदण्या निंबाच्या अंगावर पडतात, तुमच्या चित्रात पडल्याच आहेत. मोठ्या ताऱ्याला चार टोकांचे किरण देऊ नका, ते भिंगाचे आणि दुर्बिणीचे.

आकाशगंगा ठेवायचीच असेल तर जांभळी-गुलाबी नको. डोळ्याला ती धुरकट राखाडी दिसते, बस्स. सुका स्पंज, नावापुरता रंग, चार वेळा हात फिरवायचा आणि कडा हरवायच्या. तुमच्या दिवाळीच्या चित्रात मी ती वरच्या कोपऱ्यात जेमतेम जाणवेल इतकीच ठेवीन.

शेताबद्दल थोडं. तुमच्याकडे शेजारी कपाशी आहे आणि बोंडं फुटलेली आहेत. तो मोह मी ओळखतो: वर चांदण्या, खाली कापूस. पंचवीस वर्षांपूर्वी मीही केलं होतं आणि लोकांना आवडलंही. पण अमावास्येला कापूस चमकत नाही, जमिनीपेक्षा एक पायरी फिका डाग तेवढा दिसतो. चमकवायचा असेल तर चंद्र हवा, आणि चंद्र आला की चांदण्या गेल्या. दोन्हींतलं एक निवडा. चांदण्यातली कपाशी हा विषयच वेगळा आहे, कधीतरी पौष पौर्णिमेला करा. तेव्हा मध्यरात्री चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो, सावल्या झाडाच्या बुडाशी गोळा होतात. लांब सावल्या हव्या असतील तर रात्रीच्या सुरुवातीची किंवा पहाटेची वेळ धरा.

सरीतलं पाणी मात्र सोडू नका. रात्रीची लाईट असते म्हणून आपला शेतकरी रात्री पाणी भरतो, आणि त्या पाण्यात जे आभाळ उतरतं ते दिवसा कुणाला दिसत नाही. सरी उलट्या दिशेनं उजळ करा: पाणी आभाळापेक्षा अर्धी पायरी गडद, जमिनीपेक्षा एक पायरी उजळ. त्यात तारा दाखवायचा तर एकच, ब्रह्महृदय, आणि तो उभा थरथरलेला, ठिपका नको. वाहत्या पाण्यात ठिपका टिकत नाही.

मोटारीच्या खोलीवरचा बल्ब तुम्ही मधोमध लावलाय आणि त्याच्याभोवतीही चांदण्या टिंबल्यात. बल्ब पेटला की त्याच्या आसपासचं आभाळ मरतं. मी असतो तर खोली चित्राबाहेर ढकलली असती आणि तिचा पिवळट उजेड फक्त बांधाच्या कडेला येऊ दिला असता. तो पांढरा एलईडी असेल तर तोही नको. खोटं वाटलं तरी चालेल, पण त्या उजेडानं चित्राचा दवाखाना होतो.

आप्पांना दाखवायचं की नाही, हे तुम्ही शेवटी घाबरत विचारलंय. दाखवा. पण तोंड दाखवू नका. हातातली बॅटरी जमिनीकडे, उजेडाचं लहान वर्तुळ, त्यात फुटलेला दांड (पाण्याचा पाट) बुजवणारं फावडं आणि चिखलातले गुडघ्यापर्यंतचे पाय. चित्रात फक्त तिथंच माती मातीच्या रंगाची करा, बर्न्ट सिएना आणि थोडा पिवळा. गुडघ्यावरचे आप्पा अंधारात, निंबाइतकेच काळे, आणि टोपीची कड आभाळावर उमटेल इतपत. त्या वर्तुळाच्या वर एक हातभर आभाळात चांदण्या कमी करा, कारण बॅटरी बघणाऱ्याला त्या दिसत नाहीत.

चित्र ज्या उजेडात टांगायचं त्याच उजेडात पुरं करा. मोठ्या दिव्याखाली केलेली रात्र घरच्या दिवाणखान्यात डांबरासारखी दिसते. वर अर्धचकचकीत वार्निश द्या, कारण गडद ॲक्रेलिक कुठं मंद, कुठं चमकदार वाळतं. काच लावू नका. माझ्या एका चित्राला हौसेनं काच लावली होती, प्रदर्शनभर लोक त्यात केस नीट करून गेले.

जुन्या कॅनव्हासचं काय? टाकू नका. बारीक पॉलिश पेपरनं टिंबांचे उंचवटे घासा, त्यावरच सिएनाचा हात द्या. दोन-चार जुन्या चांदण्या खालून पुसट दिसत राहिल्या तर राहू द्या.

आणि सही पांढऱ्यानं करू नका. खालच्या कोपऱ्यात पाचवा मोठा तारा उगवतो.